भिंत दोघांनी रंगवायची

आलापल्लीत माझ्या वयाच्या आईवडिलांना विचारा, स्वतःच्या हाताने भिंत शेवटची कधी पोतारली. बहुतेकांना आठवणार नाही. त्यांच्या आज्यांनी पोतारल्या, आयांनी काही वर्षं पोतारल्या. मग कुडाच्या जागी विटा आल्या, विटांवर सिमेंटचा गिलावा आला आणि दर वर्षी हात मागणारी भिंत दहा-दहा वर्षं कुणाचा हात न लागता उभी राहू लागली. घर पक्कं झालं ही चांगलीच गोष्ट झाली. पावसाळ्यात रात्री उठून गळक्या कोपऱ्याखाली घमेलं सरकवणाऱ्यांना ते सांगायला नको. पण त्याबरोबर एक शिकणंही थांबलं. भिंतीवर चित्र काढण्याची जाण आमच्या पिढीच्या हातात आलीच नाही, मग ती पुढे द्यायची कुठून? आज भिंतीसमोर उभं राहिलं तर आई आणि मूल, बाप आणि मूल, दोघंही सारखेच नवशिके आहेत. मुलाबरोबर स्वतः शिकायला तयार असलेल्या मोठ्यांसाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

सगळं हरवलं असं मी म्हणणार नाही. भिंतीवरून उतरलेलं बरंच काही अंगणात शिल्लक आहे. आलापल्ली हे वनखात्यामुळे वाढलेलं गाव. सागवानाचा डेपो, आरागिरणी, कचेऱ्या आणि वसाहती यांच्याभोवती माणसं जमत गेली. माडिया आणि गोंड घरं इथलीच, झाडीपट्टीतली मराठी घरं आहेत, सिरोंच्याकडची तेलुगू बोलणारी घरं आहेत, आणि मुलचेरा-चामोर्शी भागात वसवलेल्या बंगाली कुटुंबांचंही येणं-जाणं आहे. सणाच्या दिवशी सकाळी गावातून एक फेरी मारली तर रेघ काढण्याच्या तीन रीती एकाच दिवशी बघायला मिळतात. मराठी घरापुढे चिमटीतून सुटणारी कोरडी रांगोळी. तेलुगू घरापुढे मुग्गू, म्हणजे आधी मोजून टिपक्यांची जाळी घालायची आणि मग त्या टिपक्यांना वळसे घालत एकसंध रेघ फिरवायची. बंगाली घरात आल्पना, भिजवून वाटलेल्या तांदळाच्या पाण्यात चिंधी बुडवून बोटावरून ओघळत नेलेली ओली पांढरी रेघ.

भिंतीसाठी या तिन्हींचा उपयोग वेगवेगळा आहे आणि पहिलं प्रकरण त्यावरच बेतलेलं आहे. कोरडी पूड उभ्या भिंतीवर धरत नाही. आल्पनेचा ओला हात भिंतीवर थेट चालतो, फक्त पातळपणा जपावा लागतो, नाहीतर ओघळ खाली उतरतो. आणि मुग्गूचे टिपके म्हणजे मोजमाप. मोठ्या भिंतीवर चित्र वाकडं-तिकडं पसरू नये म्हणून जी चौकट आखावी लागते, ती तेलुगू घरातली दहा वर्षांची मुलगी अंगणात रोज आखत असते. म्हणून पहिला धडा घराबाहेर आहे. ज्या रीतीची माहिती आपल्या घरात नाही ती शेजारच्या अंगणात मुलाला बरोबर घेऊन, विचारून शिकायची. शेजारची मावशी हसून शिकवते, हा माझा अनुभव आहे.

आता भिंतीबद्दल. रंगाआधी भिंत शिकावी लागते, आणि चित्रं काढायला उतावीळ झालेले मोठे लोक नेमकं हेच गाळतात. कुडाच्या भिंतीत बांबूची ताटी असते. त्यावर दोन्ही अंगांनी माती लिंपतात, मातीत तणस किंवा धानाचा कोंडा आणि शेण मळतात, म्हणजे वाळताना भेगा कमी पडतात. वरून पांढऱ्या मातीचा पोतारा, खाली गेरूचा पट्टा. हे आपल्याला गरिबाघरचं बांधकाम वाटतं. पण अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रकारांनी कातळावर हेच केलं. खडबडीत खडकावर माती, शेण आणि भाताचं तूस यांचा जाड थर, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना, आणि बाहेरून आलेला एक निळा. निळा वगळला तर यातलं जवळपास सगळं माती, खडक आणि चूल यांतून मिळणारं आहे. मुलाला अजिंठ्याला नेता येईल तेव्हा न्यावं. तोवर आजीच्या गावातली कुडाची भिंत दाखवावी, तिचा पोपडा निघालेला कोपरा जवळून बघू द्यावा. आत तणसाची काडी दिसली की मुलाला थर म्हणजे काय ते कळतं.

शिकण्याची गोष्ट निघाली की मला पाटनगडची एक आई आठवते. पाटनगड हे मध्य प्रदेशात, दिंडोरी जिल्ह्यातलं प्रधान गोंडांचं गाव. १९८१ च्या सुमारास भोपाळच्या भारत भवनासाठी चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी धाडलेल्या मंडळींना या गावातल्या जनगढ सिंह श्याम या तरुणाची भिंतीवरची चित्रं दिसली, आणि पुढे जगभर ‘गोंड चित्रकला’ म्हणून जे ओळखलं जाऊ लागलं त्याची सुरुवात तिथे झाली. जनगढ यांनी भोपाळला नातेवाइकांना बोलावून घेतलं, कामाला लावलं. मोठ्या चित्रातली जागा ठिपक्या-रेघांनी भरता भरता ते शिकले. त्यातलेच एक भज्जू श्याम, ज्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या लहानपणाची हकिगत अशी की आई घराच्या भिंती रंगवायची आणि जिथे तिचा हात पोचत नसे तो भाग मुलाने रंगवायचा. या एका गोष्टीत सगळं आलं. तिथे आई वर्ग घेत नव्हती. काम घरचं होतं, सणाआधी संपवायचं होतं, आणि मुलाची तिथे खरोखर गरज होती. मूल शिकतं ते गरज असलेल्या जागी. शिकवण्यासाठी मुद्दाम तयार केलेल्या जागी ते लवकर कंटाळतं.

वारल्यांकडेही असंच. लग्नाचा चौक सुवासिनी लिहितात, त्यांच्या बाजूला बसून मुली बघतात, बांबूची काडी चावून तिचं टोक मऊ करून देतात, तांदळाचं पीठ कालवतात. काही वर्षांनी काडी आपोआप त्यांच्या हातात येते. जिव्या सोमा मशे यांचं बालपण तर सगळ्या पालकांनी माहीत करून घ्यावं असं आहे. सात वर्षांचे असताना आई गेली, त्या धक्क्याने बोलणं बंद झालं, आणि ते मूल धुळीत चित्रं काढून आपलं म्हणणं सांगू लागलं. बायकांच्या हातात असलेली कला पुढे त्यांनी कागदावर नेली, २०११ मध्ये पद्मश्री मिळवली, आणि त्यांचे मुलगेही चित्रकार झाले.

ही दोन उदाहरणं देताना मला एक सावध सूचनाही करायची आहे. आज राज्यात कुठेही जा, सरकारी कुंपणावर, दवाखान्यावर, शाळेवर वारली माणसं हात धरून नाचताना दिसतात. वारली कला राज्याच्या दुसऱ्या टोकाची, पालघरकडची आहे. पाटनगडचे ठिपके प्रधान गोंडांचे आहेत. आपल्याकडे गोंड राहतात म्हणून ते ठिपके आपोआप आलापल्लीचे होत नाहीत. त्या चित्रांकडून रीत शिकावी, आकृत्या उचलून आणू नयेत. माडिया बायांच्या अंगावरचं गोंदण, लाकडी फणीवरचं कोरीवकाम, मृतांच्या आठवणीसाठी उभे केलेले कोरलेले खांब, हे इथलं आहे. तेही त्या घरच्या माणसांना विचारल्याशिवाय उतरवू नये, कारण त्यातल्या काही खुणा शोभेसाठी नसतात, कुळाच्या असतात. मग काढायचं काय? आपण रोज बघतो ते. तेंदूपानांचे पुडे, मोहफुलं वेचणारी माणसं, प्राणहितेवरची होडी, कमलापूरच्या कॅम्पातले हत्ती, सिरोंचा तालुक्यात जमिनीतून निघालेले डायनासोरांचे जीवाश्म. यातला एकही विषय मुलाला समजावून सांगावा लागत नाही.

माझ्या लेकीने आणि मी मागच्या अंगणातली भिंत घेतली तेव्हा विषय तिने ठरवला: साग. भामरागडच्या रस्त्यावर वनवैभव म्हणून राखलेलं जंगल आहे. सुमारे सहा हेक्टरचं हे जंगल २०१४ मध्ये राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालं. तिथले जुने सागवान ती बघून आली होती. मी वहीत झाड आखलं, खोड, फांद्या, वर गोल शेंडा, जसं सगळे काढतात तसं. तिने भिंतीवर कोळशाने दोन उभ्या रेघा मारल्या, खालपासून हात पोचेल तिथवर, आणि मला म्हणाली, “आता तू पुढे ने, वरपर्यंत.” मी विचारलं, शेंडा कुठे? “आई, तिथं खाली उभं राहिलं की शेंडा दिसतो का?” रेघा भिंतीच्या वरच्या कडेपर्यंत गेल्या आणि तिथेच संपल्या. आज ती भिंत बघणारा प्रत्येक जण मान वर करतो. आठ वर्षांच्या मुलीला भिंतीचं माप माझ्याआधी कळलं, कारण ती वहीत विचार करत नव्हती. कागदावरचं चित्र आपण वरून बघतो. भिंतीवरच्या चित्रासमोर उभं राहावं लागतं, आणि जगाकडे मान वर करून बघण्याची सवय मुलांनाच जास्त असते.

म्हणून या पुस्तकात भिंतीची वाटणी उंचीने केली आहे. मुलाचा हात पोचतो तिथवरचा भाग मुलाचा, वरचा मोठ्याचा. मोठ्याने खालच्या भागात वाकून दुरुस्ती करायची नाही. हत्तीला पाच पाय आले तर पाच राहू द्यावेत. पुढच्या वेळी मूल स्वतः मोजतं.

दोघांची खरी गरज आखणीत लागते. गवंडी सूत मारतात तसं गेरूत भिजवलेलं सूत एका टोकाला मुलाने आणि दुसऱ्या टोकाला आपण धरायचं, ताणायचं, मधोमध उचलून सोडायचं. भिंतीवर सरळ तांबडी रेघ उमटते. हे एकट्याने होत नाही. खाका टाकतानाही तसंच. कागदावरच्या आकृतीच्या रेघेवर सुईने भोकं पाडायची, कागद भिंतीला लावायचा, एकाने तो घट्ट धरायचा, दुसऱ्याने कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटायची. कागद काढला की ठिपक्यांची आकृती राहते. मुलं या क्षणाची वाट बघतात. लहान चित्र मोठं करण्यासाठी चौकोनांची जाळी, उंच भागासाठी बांबूची परांची, आणि परांचीवर मूल कधीच नाही, हे सगळं तिसऱ्या प्रकरणात सविस्तर आहे.

रंगांबद्दल थोडं इथेच सांगते, कारण इथे हौस आणि काळजी दोन्ही लागतात. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो, हे आपल्याकडच्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. पळसाच्या फुलांचा केशरी रंग निघतो, हिरडा आणि गंजलेलं लोखंड भिजत ठेवलं की काळा. हे रंग मुलाने जरूर करून बघावेत. मात्र पानाफुलांचे रंग उन्हात उडतात. टिकतात ते मातीचे. गेरूचा तांबडेपणा लोखंडाच्या ऑक्साइडचा असतो, म्हणून ऊन त्याचं काही करू शकत नाही. सुरजागडच्या डोंगरातलं खनिज घेऊन जाणाऱ्या ट्रकांची तांबडी धूळ आपल्या रस्त्याकडच्या भिंतींवर बसते, तीही त्याच जातीची. रंग धरून ठेवायला धावड्याचा डिंक चांगला. तो पाण्यात विरघळतो, तेव्हा डिंकाचं काम घराच्या आत किंवा वळचणीखाली करावं. उघड्या सिमेंटच्या भिंतीवर बाहेरच्या कामाचा ॲक्रिलिक इमल्शनच वापरावा, त्यात कमीपणा काही नाही. ऑइल पेंट टाळावा. ओल भिंतीत अडकते आणि एका पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. नवा गिलावा असेल तर एक उन्हाळा जाऊ द्यावा. लोणा लागलेल्या भिंतीवर कोणताच रंग टिकत नाही. आधी ओल कुठून येते ते शोधावं.

काळजीच्या दोन गोष्टी. कळीचा चुना मुलाच्या हाती देऊ नये. भिजवताना तो उकळतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. दुसरी गोष्ट जुन्या रंगाची. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं असा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं बरंच असू शकतं, आणि लहान मुलाच्या मेंदूला ते घातक आहे. जुना चकचकीत रंग कोरडा घासू नये, मुलाला तिथे उभंही करू नये. अशी भिंत सोडून दुसरी निवडावी.

भिंतीचित्रांचं मोल सरकारी पातळीवर कळत नाही असं म्हणण्याची सोय आपल्या भागाने ठेवलेली नाही. आष्टी-गोंडपिपरीमार्गे बल्लारपूरला जाऊन रेल्वे धरणारे आपण सगळे ते स्टेशन ओळखतो. २०१८ मध्ये रेल्वे मंत्रालयाच्या सुशोभीकरण स्पर्धेत बल्लारशाह आणि चंद्रपूर या दोन स्थानकांना मिळून पहिला क्रमांक आणि दहा लाखांचं बक्षीस मिळालं. ताडोबातले प्राणी आणि आदिवासी जीवन तिथल्या भिंतींवर आलं होतं. मधुबनी स्थानक, जिथे शतकांची भिंतीचित्रांची परंपरा दाराशी आहे, ते दुसऱ्या क्रमांकावर होतं. गाडी येईपर्यंत मुलाला घेऊन ती चित्रं सावकाश बघण्यासारखी आहेत. रंग कुठे सोलला आहे आणि का, हेही त्याला विचारावं.

शाळांच्या भिंतींबद्दल मात्र माझं मत कडक आहे. ‘बोलक्या भिंती’ या नावाने जिल्हा परिषदेच्या शाळा गेली काही वर्षं रंगल्या. पाढे, मुळाक्षरं, महाराष्ट्राचा नकाशा, सूर्यमाला. हेतू चांगला होता आणि पडक्या, कळकट भिंतीपेक्षा हे कितीतरी बरं. पण बाहेरून पेंटर येतो, सुट्टीत रंगवून जातो, आणि मुलांना शाळा उघडल्यावर एकच सूचना मिळते: हात लावू नका. ज्या भिंतीला मुलाचा हात लागू शकत नाही ती मुलाशी फार काळ बोलत नाही. महिनाभरात तिच्याकडे बघणंही थांबतं.

याच विदर्भात वेगळं घडलेलं आहे. सेवाग्रामला बापूंच्या निवासाच्या मातीच्या भिंतीवर मीराबेननी ताडाची झाडं, मोर आणि ओम मातीतूनच उठवून काढले. ते आजही बघता येतात. त्याच सेवाग्रामला शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ मध्ये नई तालीमच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत राहिले. मुलांची कला आणि शिक्षण यावर त्यांनी पुढे पुस्तक लिहिलं. त्यांच्या कामातून मी घेतलेला धडा असा की कला हा शाळेतला शेवटचा तास नव्हे, बाकीच्या तासांचा पाया आहे. आलापल्लीहून वर्धा लांब आहे, पण अशक्य इतकं लांब नाही.

कामाचा हंगाम आपल्याकडे निश्चित आहे. धान कापून घरात आलं की होळीपर्यंत. पावसात भिंत ओली, उन्हाळ्यात रंग कुंच्यावरच सुकतो. एकदम पूर्ण भिंत घेऊ नये. चार फूट रुंद जागा दोघांना पुरे होते, आणि सुरुवात हळदीच्या नाहीतर गेरूच्या हातांच्या ठशांनी करावी. घरातल्या शुभकार्यात ते ठसे आपण उमटवतोच. मुलाचा ठसा आणि आपला ठसा शेजारी उमटले की उंचीची वाटणी आपोआप ठरते. पावसाने चित्र फिकं झालं तर पुढच्या वर्षी पोतारून नवं काढावं. जुन्याचा फोटो ठेवावा, जुनं राखायचा हट्ट धरू नये. आजीच्या भिंतीवर एकच चित्र कधी दोन वर्षं राहिलं नाही, आणि म्हणूनच तिचा हात बसला.

पुढची प्रकरणं कुठल्याही क्रमाने वाचली तरी चालतील, फक्त भिंत तपासण्याचं दुसरं प्रकरण आधी वाचावं. आणि गावोगावच्या शाळा व्यवस्थापन समित्यांना माझी एक विनंती आहे. शाळेची पुढची रंगरंगोटी ठरेल तेव्हा जमिनीपासून चार फुटांपर्यंतची एक भिंत पेंटरच्या कामातून वगळा, तिला साधा पांढरा पोतारा द्या, आणि दिवाळीनंतरच्या एका रविवारी मुलांना त्यांच्या आयांसह, आज्यांसह तिथे बोलवा. खर्च पेंटरच्या मजुरीपेक्षा कमीच येईल.